मोठा काँप्युटर घेण्याआधी

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातल्या लहान फौंड्रीवाल्यांनो, कास्टिंगच्या सिम्युलेशनसाठी महागडा काँप्युटर घ्यायचं मनात असेल, तर महिनाभर थांबा.

आधी एक वही घाला. कुठल्या जॉबला सिम्युलेशन लागलं आणि मशीन किती तास चाललं, ते रोज लिहा. काम रोजचं निघालं तर खुशाल स्वतःचं घ्या. नवा पॅटर्न आला की दोन रात्री घाई आणि एरवी मशीन झाकून ठेवलेलं, असं असेल तर तासावर भाड्याने घ्या.

तिसरी वाट सामाईकीची. चार शेजाऱ्यांचे काँप्युटर जोडायचे आणि काम वाटून द्यायचं. यालाच ग्रिड म्हणतात. राइझरच्या चार जागा तपासायच्या असतील, तर चारही एकाच रात्री होतात. एकच मोठी आकडेमोड मात्र चौपट वेगाने होईल, असं धरून चालू नका.

सी-डॅक या सरकारी संस्थेच्या 'गरुड' ग्रिडने १७ शहरांतल्या ४५ संस्था अशाच जोडल्या होत्या. पण तो सरकारी खर्चाचा संशोधनाचा मामला. तुमचं वीजबिल तुम्हालाच भरायचंय. आपल्याला वारणा परिसराचं उदाहरण जवळचं. १९९८ साली तिथे सुमारे ७० गावांत काँप्युटर बसले. उसाची माहिती गावातच मिळू लागली, शेतकऱ्याला स्वतःचा काँप्युटर घ्यावा लागला नाही.

सामाईक करायचं तर उपसा योजनेच्या पाण्यासारखी पाळी आधी ठरवा. घाईच्या वेळी पहिला नंबर कुणाचा? वीज, दुरुस्ती कुणाकडे? तोंडी नको, कागदावर घ्या. भांडणं इथेच होतात.

सॉफ्टवेअरचं लायसन्स किती मशीनवर चालतं, ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या. पार्टीचं ड्रॉइंग बाहेर देण्याआधी पार्टीला विचारा. शेजाऱ्याच्या मशीनवर तुमचा जॉब उघडा पडला, तर ऑर्डर जाईल. आणि मशीन सखल जागी ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवतोय ना? फायलींची एक प्रत गावाबाहेर असू द्या.

पैसे भरण्याआधी, रिजेक्ट झालेला एक जुना जॉब चालवून बघा. कापलेल्या तुकड्यात पोकळी जिथे सापडली होती, तिथेच सिम्युलेशन दाखवतंय का ते पडताळा. जुळलं तरच वर्गणी भरा.