विश्लेषण : चीनमधून थेट मागवलेली बिननावाची कार्बन फ्रेम, स्वस्त खरी, पण जबाबदारी कोणाची?

जयगडच्या एका मित्राने गेल्या वर्षी चीनमधील कारखान्याकडून सायकलची कार्बन फ्रेम थेट मागवली. खोके विमानाने मुंबईला आणि तिथून कुरिअरने गावात आले. आत काळीभोर, कुठलेही नाव नसलेली फ्रेम. घरच्यांनी विचारले, ‘कुठल्या कंपनीची?’ मित्राकडे उत्तर नव्हते. ही फ्रेम घ्यावी की नाही, हे ठरवताना खरे तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

इतकी स्वस्त कशी?

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. राज्यात रस्त्यावरच्या वेगवान सायकलींची हौस वाढते आहे, पण नामांकित कंपनीची कार्बन फ्रेम दीड-दोन लाखांच्या पुढे जाते. बिननावाची फ्रेम फोर्कसह साधारण ४०० डॉलरपासून, म्हणजे ३५ हजार रुपयांच्या आसपास मिळू लागते.

‘चिनी म्हणजे तकलादू’ हे समीकरण इथे लागू पडत नाही. जगातील बहुतांश कार्बन फ्रेम चीन आणि तैवानमध्येच बनतात. त्यात मोठ्या युरोपीय-अमेरिकी नावांच्याही आल्या. २०२५ पासून तर अस्ताना हा अव्वल व्यावसायिक संघ एक्सडीएस या चिनी कंपनीच्या सायकली वापरतो. बिननावाच्या अनेक फ्रेम ‘ओपन मोल्ड’ असतात. साचा कारखान्याच्या मालकीचा असतो आणि त्यातून निघालेली फ्रेम कोणालाही विकता येते. संशोधन, जाहिरात, वितरक आणि दुकानदार यांचा खर्च त्यात नसतो. वॉरंटी निभावण्याचा खर्चही नसतो. मेख तिथेच आहे.

धोका नेमका कुठे?

कार्बन फ्रेम हाताने बनते. राळेत भिजवलेल्या कार्बन कापडाचे तुकडे ठरलेल्या क्रमाने आणि दिशेने साच्यात बसवून उष्णता व दाबाखाली घट्ट केले जातात. एखादा थर सुरकुतला किंवा आत हवेची पोकळी राहिली, तर वरच्या रंगातून ते दिसत नाही. ‘टी ७००’, ‘टी ८००’ हे आकडे फक्त धाग्याचा दर्जा सांगतात. थर नीट बसले की नाही, हे त्यातून कळत नाही.

सर्वात नाजूक जागा म्हणजे फोर्कची हँडलला जोडणारी नळी. आरे-वारेच्या उतारावर ती तुटली, तर स्वाराच्या हातात फक्त हँडल उरते. म्हणून फ्रेमवर पैसे वाचवा, पण फोर्कवर नको.

विक्रेत्याकडे आयएसओ ४२१० चाचणीचा अहवाल मागा. त्यातल्या एका चाचणीत पेडलवर एक लाख वेळा भार टाकून फ्रेम तपासतात. अहवाल तुमच्याच मॉडेलचा आहे ना, हे पाहा. ‘तशाच’ मॉडेलचा चालणार नाही. यूसीआयचे लेबल हा मजबुतीचा दाखला नव्हे. ती मान्यता मुख्यतः आकार आणि मापे स्पर्धेच्या नियमांत बसतात का, याची असते.

हिशेब कुठे चुकतो?

मित्राने फ्रेमची किंमत धरली, वाहतूक धरली आणि सीमाशुल्क विसरला. हे शुल्क माल, वाहतूक आणि विमा यांच्या एकत्रित किमतीवर लागते. शुल्काच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि वर आयजीएसटी असतो. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी ५ टक्के झाला, पण वैयक्तिक वापरासाठी कुरिअरने येणाऱ्या मालाचे वर्गीकरण वेगळे होऊ शकते. पैसे भरण्याआधीच कुरिअर कंपनीकडून दर विचारून घ्या. विक्रेता ‘किंमत कमी दाखवतो’ म्हणाला, तर नकार द्या. चुकीची किंमत दाखवलेला माल जप्त होऊ शकतो आणि कागदोपत्री आयातदार तुम्हीच असता.

जयगडसाठी वेगळे काय?

खारा वारा. कार्बन विजेचा वाहक आहे. ॲल्युमिनियमचा भाग त्याला चिकटलेला असेल आणि मध्ये खारट ओलावा शिरला, तर ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरते. मित्राच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट एका पावसाळ्यात असा रुतला की हलेना. दुकानदार म्हणाला, ‘ही फ्रेम माझ्याकडची नाही, ओढताना फुटली तर मी जबाबदार नाही.’ त्याचे काय चुकले?

म्हणून किनाऱ्यावर सीटपोस्टही कार्बनचाच घ्यावा, सांध्यावर कार्बन पेस्ट लावावी आणि दर दोन महिन्यांनी तो काढून पुसावा. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने, लिहिलेल्या मापाइतकेच आवळावेत. बॉटम ब्रॅकेट आट्यांचे निवडावे. दाबून बसवायचे असेल तर खास हत्यारे लागतात. मागचा गिअर ज्याला टांगतो तो हँगर अनेक फ्रेमचा वेगळा असतो. तो वाकला तर जवळच्या दुकानात मिळेलच असे नाही. ऑर्डर देतानाच दोन जास्तीचे मागवा.

मग घ्यावी का?

माझे मत : दुसरी किंवा तिसरी सायकल असेल, ती स्वतः उघडून जोडता येत असेल, तर जरूर घ्या. पहिलीच सायकल असेल, तर याच पैशांत दुकानातली ॲल्युमिनियमची घ्या. ती अर्धा किलो जड असेल, पण बिघडली तर नेऊन दाखवायला एक दार असेल.

नामांकित कंपनी आपल्याकडून जादा पैसे घेते, त्यातला बराचसा भाग नावाचा असतो हे खरे. पण काही भाग ‘तुटली तर आमच्याकडे या’ या वाक्याचा असतो. बिननावाची फ्रेम घेताना ते वाक्य आपण स्वतःला म्हणतो. मित्राने सीटपोस्ट कापून काढला आणि नळीत टॉर्च मारून आतून फ्रेम तपासली. ती शाबूत होती. तो अजूनही रोज पहाटे मालगुंडपर्यंत जाऊन येतो. ‘कुठल्या कंपनीची?’ असे कोणी विचारले, तर आता तो स्वतःचे नाव सांगतो.