परदेशगमन आणि घराचें ऋण

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर एकच प्रश्न निघतो: मुलानें पुढें कोठें जावें? मागील पिढीचे आईबाप मुंबई किंवा पुणें म्हणत. आतां जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हीं नांवें तितक्याच सहज तोंडीं येतात. या चर्चेंत दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो, गांव सोडणारा कृतघ्न. दुसरा म्हणतो, गांवांत राहणारा करंटा. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. मनुष्य घरापासून किती कोस दूर गेला यावरून त्याची निष्ठा मोजतां येत नाहीं.

शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आपल्या शाळेंत सर्वांनीं ऐकिलेला आहे. धाकटा पुत्र दूर देशीं गेला म्हणून आपण त्यास दोष देतों. पण वडील पुत्राकडेही पाहावें. तो सदैव बापाजवळ राहिला. तथापि भाऊ परत आला तेव्हां रागावून घरांत येईना, आणि बापास बाहेर येऊन त्याची विनवणी करावी लागली. घरीं राहूनही मन परकें होऊं शकतें, हेंच यावरून दिसतें. मग दूर जाऊनही मन घरचें राहूं शकेल, असें कां म्हणूं नये?

याचें एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलें. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं एप्रिल महिन्यांत लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचले. तीन आठवडे होतात न होतात तोंच त्यांनीं आपल्या वडिलांस पत्र लिहून सागरप्रवासाची सविस्तर हकीकत कळविली. पुढें १६१९ सालीं गोव्यांतच त्यांचा अंत झाला. परंतु या चाळीस वर्षांत ते येथें पाहुण्यासारखे राहिले नाहींत. त्यांनीं येथील भाषा आत्मसात् केली, आणि १६१६ सालीं राशोल येथें छापिलेलें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें. ज्या भूमीचें अन्न खावें, तिची भाषा शिकावी, हा धडा त्यांनीं घालून दिला.

आतां इकडून तिकडे गेलेल्यांचा विचार करूं. समुद्र ओलांडणें पाप मानिलें जाई अशा काळीं, १८८३ सालीं, कल्याणच्या आनंदीबाई जोशी वयाच्या अठराव्या वर्षीं अमेरिकेस निघाल्या. त्या लपूनछपून गेल्या नाहींत. निघण्यापूर्वीं बंगाल्यांतील सेरामपूर येथें जाहीर सभेंत उभें राहून, या देशास स्त्रीवैद्यांची गरज आहे म्हणून आपण जातों, असें त्यांनीं लोकांस समजावून सांगितलें. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें एम. डी. होऊन त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभाग त्यांची वाट पाहत होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. ज्या कार्पेंटरबाईंनीं परदेशांत त्यांस पोटच्या मुलीप्रमाणें वागविलें, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत आनंदीबाईंची रक्षा ठेविलेली आहे.

त्याच १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या, व तेथून १८८६ सालीं अमेरिकेस. तेथील शाळा व संस्था पाहून त्या नुसत्या थक्क होऊन बसल्या नाहींत. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडिलें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेच्या लोकस्थितीचें वर्णन मराठींत छापून इकडील वाचकांच्या हातीं दिलें.

या तिघांपैकीं एक परतले नाहींत, एक परतल्या पण काम करूं शकल्या नाहींत, आणि एकीनें परतून मोठें कार्य उभें केलें. तरी तिघांपैकीं कोणासही कृतघ्न म्हणतां येत नाहीं. आपण कां जातों आणि कोणासाठीं जातों, हें तिघांसही ठाऊक होतें. परतणें न परतणें पुष्कळदां आपल्या हातीं नसतें. हेतु मात्र आपल्या हातीं असतो.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, अवश्य जा. पण शेजारचा मुलगा गेला एवढ्याच कारणानें जाऊं नका. तेथें गेल्यावर केवळ आपल्याच मंडळींत कोंडून घेऊं नका, आणि चार दिवसांत मराठी बोलण्याची लाजही धरूं नका. मुख्य म्हणजे घरीं खरें कळवा. फादर स्टीफन्स यांच्या पत्रास समुद्र ओलांडावा लागला; तुम्हांस एका क्षणांत आईचें मुख पाहतां येतें. परंतु त्या क्षणीं नुसते बर्फाचे देखावे दाखवून मनांतील एकटेपण झांकाल, तर त्या सोयीचा उपयोग काय?

पालकांसही आमची एक विनंति आहे. कित्येक घरीं शेत किंवा दागिने गहाण टाकून मुलास पाठवितात. मग प्रत्येक संभाषणांत पहिला प्रश्न पगाराचा होतो. अपयश आलेला मुलगा अशा घरीं परतण्यास धजत नाहीं. तो हळूहळू बोलणेंच टाकतो, आणि मग आपण त्यास कृतघ्न म्हणतों. दृष्टान्तांतील बापानें परतलेल्या पुत्राकडे हिशेब मागितला नाहीं. तो दुरूनच त्यास ओळखून धांवत गेला. मुलास निरोप देतांना कर्जाचा आंकडा सांगणें प्राप्त असेल तर तो सांगावा, पण त्याबरोबर हेंही सांगावें कीं, बाळ, यश येवो वा न येवो, हें दार तुला उघडें आहे. एवढा विश्वास ज्याच्या गांठीं आहे, तो कोठेंही गेला तरी घर विसरणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.