गच्चीवरच्या वाटीआधी धुरा राखा



थंडी पडू लागली की आपल्या जिल्ह्यात दरवर्षी एक आवाहन फिरू लागते : मुक्या पाखरांसाठी गच्चीवर मूठभर दाणे ठेवा. बाटल्या कापून केलेली दाणापात्रे शाळांतून वाटली जातात, फोटो निघतात, बातमी छापून येते. यामागची माया खरी आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या पाखरांना हिवाळ्यात नेमके काय लागते याचा विचार न होता हे सारे चालले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिवाळ्यात दाणे टांगायची रीत ही बर्फाच्या मुलखातली. तिकडे जमीन पांढरीफटक होते, किडे दिसेनासे होतात, उत्तरेकडे रात्र पंधरा-सोळा तासांची होते. चिमणीएवढ्या जिवाला ती रात्र अंगातल्या चरबीवर काढावी लागते, म्हणून तिथले लोक सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, चरबीचे गोळे बाहेर ठेवतात. आपल्याकडे घाटावर काय आणि घाटाखाली काय, रात्री पारा दहा-बारा अंशांवर आला तरी दुपारी ऊन लागतेच. सोयाबीन निघून गेलेले असते, तूर उभी असते, गवताचे बी पिकलेले असते, बोरींना पाड लागलेला असतो. पाखरांची खरी सुगी याच दिवसांत. म्हणून तर हिमालयाकडून आणि मध्य आशियाकडून धोबी, थिरथिरे, भोरड्यांचे थवे इकडे उतरतात. उपासाचे आणि तहानेचे दिवस पुढे, एप्रिल-मेमध्ये येतात.

मग अंगणात पाखरे कमी का वाटतात? कारण त्यांचे ताट आपण वावरातून उचलले आहे. आणि ते कुठून उचलले, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे : धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून.

पूर्वी धुरा चांगला हातभर-दोन हात रुंद असायचा. त्यावर बोर, बाभूळ, हिवर, निंब, मध्ये कुसळी गवत. बोरे पोपट आणि बुलबुल खायचे, गवताच्या बियांवर मुनियांचे थवे पडायचे, बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकायचे, खाटीक काट्यावर टोळ टोचून ठेवायचा. आता दोन तासं जास्त निघावीत म्हणून धुरा दोन्हीकडून कोरला जातो, उरला त्यावर तणनाशक मारले जाते आणि उन्हाळ्यात काडी लावली जाते. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होण्याची ही गोष्ट नाही. जमिनीचे तुकडे झाले, मजूर मिळत नाही, ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, हे सगळे खरे आहे. पण धुरा गेला की शंभर वाट्यांनी तो भरून निघत नाही, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी गोष्ट ज्वारीची. एकेकाळी हिवाळा म्हणजे ज्वारीची कणसे आणि मचाणावरून फिरणारी गोफण. सोयाबीन आले आणि ज्वारी मागे सरली. आज एखाद्याने एकरभर पेरलीच तर पंचक्रोशीतली सगळी पाखरे त्याच्याच वावरात उतरतात, पाखरांकडून उरले ते रोही आणि रानडुकरे नेतात, आणि पुढल्या वर्षी तोही पेरायचा थांबतो. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, पाककृतींच्या स्पर्धाही झाल्या. ज्वारी पुन्हा वावरात यावी, एका गावातल्या अनेकांनी थोडी-थोडी पेरून पाखरांचा भार वाटून घ्यावा, यासाठी मात्र गावपातळीवर कुणी बसून बोलताना दिसत नाही.

हिवाळ्यात पाखरांना बोलावण्याचा या जिल्ह्याला साजेसा मार्ग हरभऱ्याच्या वावरात आधीच आहे. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे कित्येक वर्षांपासून सांगत आहेत की हरभऱ्यात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे उभारा, किंवा पेरतानाच थोडी ज्वारी मिसळा, म्हणजे तिची ताटे पाखरांना बसायला होतात. घाटे अळी किती नुकसान करते हे हरभरा घेणाऱ्याला सांगायला नको. घाट्याला गोल भोक पाडून ती डोके आत खुपसते, अर्धे अंग बाहेर ठेवून दाणा खाते. नेमकी तेव्हाच ती पाखरांना दिसते. सकाळी ऊन वर आले की कोतवाल ताटावर येऊन बसतो, शेपूट हलवत खाली बघतो, एकदम झेप घेऊन अळी उचलतो, पुन्हा त्याच ताटावर येतो, ती दोनदा आपटतो आणि गिळतो. साळुंक्या आणि धोबी सऱ्यांमधून चालत वेचतात. यात पाखराचे पोट भरते आणि शेतकऱ्याच्या फवारणीचा खर्चही कमी होऊ शकतो. दाणापात्रांच्या वाटपावर जाणाऱ्या पैशात थांब्यांच्या काड्या होतील. मग दाणापात्रे वाटणाऱ्या मंडळांनी ते पैसे इकडे का वळवू नयेत?

दाण्यांचे ढीग घातले की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. 2025 च्या जुलैमध्ये तिथे महापालिकेने कबुतरखाने बंद करायला घेतले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराची चर्चा तेव्हा घरोघर झाली. मोकळा दाणा रोज एकाच जागी पडला की पहिले येतात ते पारवे. ते अंगाने मोठे आणि झुंडीने राहणारे; चिमणी आणि मुनिया त्यांच्यापुढे टिकत नाहीत. आपल्याकडेही बाजार समित्यांच्या शेडवर आणि नव्या उंच इमारतींवर त्यांची गर्दी दिसू लागली आहे. ब्रिटनमध्ये तर दाणे ठेवायची परंपरा जुनी आणि मनापासूनची. तिथे 2005 पासून ग्रीनफिंच नावाच्या लहान पक्ष्यात ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग पसरला. दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांवर लाळेतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यांची संख्या इतकी घटली की 2021 मध्ये त्या पक्ष्याला तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावे लागले. भांडी न धुता नुसती माया केली तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

ज्यांना वावर नाही, घर शहरात आहे आणि पाखरे दारात यावीत असे मनापासून वाटते, त्यांनी दाणे ठेवावेतच, पण बेताने. मोकळा दाणा टाकण्यापेक्षा ज्वारीचे किंवा बाजरीचे कणीस ओट्याला टांगा. चिमण्या आणि मुनिया त्याला लटकून खातात, पारव्याला ते जमत नाही. फरसाण, बिस्किटे, मिठाचा उरलेला भात नको. रब्बीच्या पेरणीतून उरलेले औषध लावलेले, लाल-गुलाबी रंगाचे बियाणे चुकूनही उघड्यावर टाकू नका. असले बियाणे खाऊन मोर मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मातीच्या उथळ परळात पाणी ठेवा, ते रोज बदला, परळ घासून उन्हात वाळवा. अंगणभर गट्टू बसवताना एका कोपऱ्यात माती उघडी राहू द्या, कारण चिमणी पाण्याइतकीच धुळीतही अंघोळ करते. दारात शेवगा असेल तर फुलोऱ्यावर शिंजीर आपोआप येतील. एखादी पपई झाडावरच पिकू द्या, बुलबुल ती सोडणार नाहीत. आणि जानेवारीत पतंग उडवताना नायलॉन मांजा नको. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे, तरी संक्रांतीनंतर झाडांना तो लोंबकळताना दिसतोच.

आपल्या जिल्ह्याला निसर्गाचे नाव नवे नाही. लोणार सरोवराला 2020 मध्ये रामसर दर्जा मिळाला. टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेल्या वाघामुळे 2019 मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य देशभर गाजले. पण चिमणी, साळुंकी, बुलबुल आणि कोतवाल यांच्यासाठी कुणी अभयारण्य काढणार नाही. त्यांचे जगणे आपल्या धुऱ्यावर आणि परसात आहे, म्हणून त्यांची जबाबदारीही आपलीच.

महाराष्ट्र शासनाने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सलीम अली यांच्या. हे दिवस हरभऱ्याच्या पेरणीच्या हंगामातच येतात. माझी जिल्हा परिषदेला, शाळांना आणि कृषी विभागाला विनंती आहे की या आठवड्यात भाषणे थोडी कमी करावीत आणि प्रत्येक शाळेने गावातल्या दोन-चार वावरांत मुलांच्या हातून पक्षीथांबे उभारावेत. ग्रामपंचायतींनी गायरानावर आणि पाणंद रस्त्यांच्या कडेला गुलमोहर न लावता उंबर, वड, बोर, बाभूळ लावावीत. आपला राज्यपक्षी हरियाल प्रामुख्याने उंबर-वडासारख्या झाडांच्या फळांवर जगतो. धुऱ्यावर झाडे राखणाऱ्या आणि धुरा न जाळणाऱ्या शेतकऱ्याला ग्रामसभेत पुढे बोलावून त्याचा सत्कार करावा. आणि आपल्या वृत्तपत्राने दाणापात्र वाटपाच्या फोटोला जेवढी जागा दिली, तेवढीच जागा या हिवाळ्यात एखाद्या राखलेल्या धुऱ्याला द्यावी.

आपला,
एक वाचक,
मेहकर, जि. बुलढाणा