खवले कीड आणि आपला उतावीळपणा

महानगरांतील सदनिकांमध्ये अंगणाची जागा आता सज्जातील आणि खिडकीतील कुंड्यांनी घेतली आहे. बँकांच्या शाखांतूनही मनीप्लांट, अरेका पाम, रबराचे झाड हौसेने ठेवलेले आढळते. एके दिवशी पाने हाताला चिकट लागतात, त्यांवर काजळी धरते, मुंग्यांची ये-जा सुरू होते. मग बाजारातून विषारी औषध आणून बंद खोलीतच फवारले जाते. लहान मुले, वृद्ध व ग्राहक जेथे श्वास घेतात तेथे हा उपाय घातक आहे. शिवाय तो बहुधा निष्फळही ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण या किडीच्या जीवनक्रमात आहे. देठावर व पानाच्या पाठीमागे शिरेलगत दिसणारे तपकिरी फुगीर ठिपके म्हणजेच खवले कीड. अंड्यातून निघालेले पिल्लू काही काळ चालते. जागा निवडली, की सोंड खुपसून तेथेच बसते आणि अंगावर कवच धारण करते. मऊ कवचाच्या जाती गोड, चिकट स्राव टाकतात. त्यावर काजळी बुरशी वाढते आणि त्याच्याच लोभाने मुंग्या किडीची राखण करतात. वरून फवारलेले औषध कवचाआड सहसा पोचत नाही. मादी मेली तरी तिच्याखालील अंडी शाबूत राहू शकतात.

म्हणून उपाय चिकाटीचाच हवा. रोगट कुंडी प्रथम इतरांपासून दूर ठेवावी. फार ग्रासलेल्या फांद्या छाटून पिशवीत बंद करून टाकाव्यात. उरलेले खवले जुन्या दातघासणीने अलगद खरवडून पाने ओल्या फडक्याने पुसावीत. नंतर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून, आधी एका पानावर पारखून, सायंकाळी फवारावे. नवी पिल्ले निघतच राहतात. त्यामुळे ८ दिवसांच्या अंतराने हे किमान ४ वेळा करणे अगत्याचे आहे. थकीत कर्जाप्रमाणे येथेही पाठपुरावा सुटला, की मुद्दल वाढते!

या कुळाचा सरसकट द्वेष करण्याचे मात्र कारण नाही. ज्या लाखेने आपले लखोटे मोहरबंद होत आले, ती लाख याच कुळातील एका किडीची देणगी आहे. निसर्गात या किडींना आवर घालणारेही असतात. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा अशाच एका किडीने ग्रासल्या असता १८८८ साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी त्या वाचवल्या. बंद खोलीत ढालकिडे येत नाहीत. त्यांचे काम आपल्यालाच करावे लागते. सज्जात विष फवारले, तर तेथे येणारे हे मित्रकीटकही मरतात.

तेव्हा प्रत्येक घरात आणि शाखेत कोणीतरी एकाने आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहण्याची जबाबदारी घ्यावी. पाच मिनिटांचे हे काम फवारणीपेक्षा स्वस्त आहे आणि कोणाच्याही आरोग्याला त्याची झळ पोचत नाही.