नियमाआधी फासे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स मार्च २००८ मध्ये गेले. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या 'जेन कॉन' मेळ्यात त्यांच्या स्मरणार्थ लिलाव झाला. हा मेळा त्यांनीच १९६८ मध्ये लेक जिनिव्हा या आपल्या गावी सुरू केलेला. लिलावातून १७ हजारांहून अधिक डॉलर जमले. ते जायचे होते गायगॅक्स यांच्या आवडत्या 'ख्रिश्चन चिल्ड्रेन्स फंड'कडे. संस्थेने नकार दिला आणि बोभाटा झाला तो असा, की चेटक्या-राक्षसांच्या खेळाचा पैसा म्हणून या सोवळ्या मंडळींना विटाळ झाला!

मग इंटरनेटवर काय विचारता! ढोंगी, कर्मठ, पोरांच्या तोंडचा घास काढणारे. राग अगदीच अनाठायी होता असे नाही. ऐंशीच्या दशकात याच खेळावर अमेरिकेत सैतानपूजेचा आळ आला होता. मुलाच्या आत्महत्येचे खापर त्यावर फोडून एका आईने खेळाविरुद्ध संघटनाच काढली. जॅक चिक यांच्या 'डार्क डंजन्स' या चित्रपुस्तिकेत खेळता खेळता पोरगी खरोखरचे चेटूक शिकते. इतके पोळल्यावर ताकही फुंकूनच प्यायचे. पण इथे फुंकायलाही कोणी थांबले नाही.

संस्थेचा खुलासा भलताच रुक्ष निघाला. ज्या उपक्रमात आपला सहभाग नाही, त्याला आपले नाव जाहीरपणे वापरू देता येत नाही, एवढेच. आपल्याकडच्या कुठल्याही उत्सव मंडळाच्या खजिनदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही; वर्गणीपेक्षा फलकावरच्या नावावरून भांडणे जास्त होतात. 'नाव वापरू नका'चे 'तुमचा पैसा पापाचा' झाले. 'ध'चा 'मा' करायला आनंदीबाईंना, म्हणतात, निदान लेखणी तरी उचलावी लागली होती.

गंमत म्हणजे या खेळाची नियमपुस्तके जाडजूड. त्यातल्या एका ओळीच्या अर्थावरून रात्र जागवणारे खेळाडू काही थोडे नाहीत. त्याच मंडळींनी इथे मात्र नियम वाचण्याआधी फासे टाकले.

पैसे अखेर 'फिशर हाउस'कडे गेले. लष्करी इस्पितळात उपचार घेणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबीयांना ही संस्था जवळच विनाभाडे राहायला जागा देते. पैसे कोणत्या ड्रॅगनच्या गुहेतून आले, याची चौकशी तिथे मुक्कामाला आलेला कोणी करत असेल असे वाटत नाही.