जात्याला हार कशाला?

जुन्या बायका जात्यावर दळत, म्हणून त्या निरोगी होत्या, असे सांगणारे हल्ली फार झाले आहेत. हळदीच्या मांडवात जाते सजते, त्याच्याशेजारी छायाचित्रे निघतात, आणि आपल्या धर्मग्रामांतील संमेलनेही या कौतुकात मागे राहत नाहीत. या कौतुकाला माझा स्पष्ट विरोध आहे.

जळोचीचेच पाहा. आज हे गाव बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. परंतु बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले ते ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते. एकदा दळून महिनाभर निश्चिंत राहावे, ही सोय धान्यानेच ठेवली नव्हती. म्हणून गिरणी येईपर्यंत दळण नित्याचे होते, आणि तेही पहाटे. कारण उजाडल्यावर पाणी, शेण आणि शेत वाट पाहतच असे. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने मूठमूठ दाणे घालायचे. याला व्यायाम म्हणणाऱ्या पुरुषाने तो आठवडाभर करून पाहावा!

यावर ओव्यांचा दाखला दिला जातो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत जात्याला देव म्हटले आहे, हे कौतुक करणारे आवर्जून सांगतात. सासुरवास, मार, माहेराची ओढ, सीतेचा वनवास हेही त्यांतच आहे. ते मात्र कोणी सांगत नाही. त्या वेळी त्या बाईचे ऐकायला जागे होते तरी कोण? समोर दगड होता, त्यालाच तिने देव केले. १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या ओव्या आपण ग्रंथ म्हणून आदराने वाचतो. या ओव्याही तशाच वाचाव्यात. मांडवाची सजावट म्हणून वापरू नयेत.

पवित्र शास्त्राने जात्याचे कौतुक केलेले नाही. कोणाचेही जाते गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते जीवच गहाण घेणे होय, असा अनुवाद ग्रंथाचा नियम आहे. निर्गमात सिंहासनावरील फारोपासून खाली उतरत गेले की शेवटच्या पायरीवर भेटते ती जात्यामागची दासी.

गिरणीने हे ओझे उतरवले, हे निर्विवाद. पण वाचलेली पहाट गेली कुठे? आफ्रिकेतील माली देशात १९९० च्या दशकात दळणाची यंत्रे गावोगावी देताना ती स्त्रियांच्या मंडळांच्या हाती सोपवण्यात आली. आपल्याकडे यंत्र आले, तरी दळणाचा डबा तिच्याच डोक्यावर राहिला. आता घरघंटी आली, तर तिचे बटणही तिनेच दाबायचे. संमेलनाच्या संयोजकांनी या वर्षी जाते जिथे आहे तिथेच असू द्यावे, आणि घरचे दळण कोण आणते एवढे तेथे जमलेल्या पुरुषांना व्यासपीठावरून विचारावे.