‘उत्क्रांती’ नव्हे, रूपांतर

मुलांच्या खेळांवर मोठ्यांनी रागवावे ही रीत जुनीच आहे, आणि ‘पोकेमॉन’वर आमच्या मराठी घरांतून जो राग व्यक्त होतो तो बहुतांशी याच रीतीतला आहे. तो राग आमचा नव्हे. के. आर. पुरमच्या मेट्रो स्थानकाबाहेर एखादा मुलगा फोन समोर धरून न दिसणाऱ्या प्राण्यावर चेंडू टाकीत असेल, तर तो निदान चार पावले चालतो, शोधतो, जमवलेल्याची नोंद ठेवतो. आमची तक्रार आहे ती एका शब्दाविषयी. मुलगा घरी येऊन सांगतो, “माझा कॅटरपी इव्हॉल्व्ह झाला.” आणि मराठी जपण्याच्या सद्धेतूने वडीलधारी मंडळी त्याला सुधारतात, “उत्क्रांत झाला, असे म्हण.” या सुधारणेलाच आमचा विरोध आहे.

या खेळात घडते ते काय? 1996 साली जपानात निघालेल्या पहिल्या खेळात कॅटरपी नावाची अळी लढाया करीत सातव्या पायरीवर पोचली की कोष होते, आणि दहाव्या पायरीवर फुलपाखरू. 2016 साली आलेल्या ‘पोकेमॉन गो’मध्ये लढाईचीही गरज नाही. त्याच जातीच्या अळ्या पकडीत राहावे, नकोशा झालेल्या प्राध्यापकांकडे रवाना कराव्यात, आणि त्यातून मिळणाऱ्या गोळ्या साठवाव्यात. बारा गोळ्यांत कोष, पुढे पन्नास गोळ्यांत फुलपाखरू. जुन्या खेळात तर ऐन बदलाच्या क्षणी एक बटण दाबले की तो बदल थांबतही असे. म्हणजे एकच प्राणी, एकाच आयुष्यात, क्षणार्धात, मालकाच्या मर्जीने बदलतो.

याला मराठीत रूपांतर म्हणतात. शापाने अहल्येची शिळा झाली, ती उत्क्रांत झाली असे आजवर कोणी कीर्तनकाराने सांगितलेले आम्ही ऐकले नाही.

हा घोटाळा इंग्रजीने केला असे समजण्याचे कारण नाही. मूळ जपानी खेळातच ‘शिन्का’ हा शब्द आहे, आणि जपानी जीवशास्त्रात उत्क्रांतीला हाच शब्द वापरतात. यातली गंमत अशी की खेळाचे जनक सातोशी ताजिरी हे बालपणी किडे जमविण्याच्या छंदात रमलेले गृहस्थ. अळीचे फुलपाखरू कसे होते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? कॅटरपीच्या डोक्यावरील लाल दुभंगलेले शिंग आणि त्याचा दुर्गंध ही त्यांच्या मंडळींची कल्पना नसून निसर्गातील नोंद आहे.

ती पडताळून पाहावयाची असेल तर जपानला जावे लागत नाही. के. आर. पुरमच्या कोणत्याही गच्चीत कढीलिंबाची कुंडी असते, आणि तिच्यावर लिंबावरच्या फुलपाखराची अळी हमखास येते. तिला हलकेच डिवचले की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ही अळी पुढे कोष करते आणि फुलपाखरू होऊन उडते. हे रूपांतर झाले.

उत्क्रांतीची गोष्टही त्याच अळीत आहे; पण ती निराळी. ही अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी दिसते. का? असंख्य पिढ्यांत ज्या अळ्या थोड्याशा अधिक तशा दिसल्या, त्या पक्ष्यांच्या नजरेतून सुटल्या. त्यांची प्रजा वाढली. उरलेल्या खाल्ल्या गेल्या. कोणी कोणास जिंकले नाही, कोणी सराव केला नाही, कोणी गोळ्या साठविल्या नाहीत. एकही अळी स्वतः बदलली नाही. बदलली ती जात. 1859 साली डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये मांडलेला विचार तो हा.

गंमत पुढेच आहे. 2016 च्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत व्हल्पिक्स नावाचा अग्निमुखी कोल्हा आलोला बेटांवरील बर्फाळ डोंगरात राहून हिमकोल्हा झालेला दाखविला आहे. एकच जात, निराळे वातावरण, निराळे रूप. हे उत्क्रांतीच्या कितीतरी जवळचे. पण याला खेळात ‘रूप’ म्हणतात, आणि जे निव्वळ रूपांतर त्याला ‘उत्क्रांती’!

कोणी म्हणेल, खेळातल्या शब्दावर एवढा खल कशास? सापशिडीतून कोणी गुरुत्वाकर्षण शिकते का? नाही, आणि सापशिडीही गुरुत्वाकर्षणाचे नाव घेत नाही. शिवाय खेळाची शिकवण शाळेत पुसली जाईल असा भरवसा धरण्याजोगे दिवस हे नव्हेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2022 साली अभ्यासक्रम ‘हलका’ करताना दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती वगळली. एप्रिल 2023 मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र काढले. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात ठेवली, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर वाणिज्य वा यंत्रविद्येकडे वळलेल्याने ती कोठे शिकावयाची? बेंगळुरूत अशीच मुले अधिक. त्या मुलाच्या कानावर हा शब्द पडतो तो खेळातूनच, आणि खेळ सांगतो: जो लढतो तो वर चढतो, जो वर चढतो तो श्रेष्ठ. या समजुतीने एकोणिसाव्या शतकात माणसांच्या वंशांची उतरंड रचली आणि तिला शास्त्राचे नाव दिले. परप्रांतात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या आपणांस तरी ही शिडी परवडणारी नाही. उद्या तोच मुलगा म्हणेल की घरातील मराठी मागे पडली, कारण ती ‘अनइव्हॉल्व्ह्ड’ आहे.

आमच्या शब्दातही एक धोका आहे, हे सांगितले पाहिजे. ‘उत्’ या उपसर्गात वर जाण्याचा भास आहे. आणि वेदान्तात ‘उत्क्रान्ति’ म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे. शास्त्रीय अर्थ त्या शब्दावर आपण प्रयत्नाने बसविला आहे. जो अर्थ प्रयत्नाने बसविला, तो निष्काळजीपणाने निसटतोही.

के. आर. पुरमच्या रहिवाशांना शब्दांचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना येथे 1948 साली निघाला, आणि टेलिफोनला कन्नडने दिलेल्या ‘दूरवाणी’ या नावावरून ‘दूरवाणीनगर’ वसले. एक नेमका शब्द पत्त्यात, पाट्यांवर, लोकांच्या तोंडी टिकून राहिला आहे.

‘पोकेमॉन गो’ 2023 साली हिंदीत आला आणि शेकडो प्राण्यांना हिंदी नावे मिळाली. मराठीला तो मान मिळाला नाही याची काहींना खंत वाटते. आम्हाला त्यात संधी दिसते. कोणत्याही कंपनीने आपले शब्द अद्याप ठरवून टाकलेले नाहीत, तोवर ते घराघरांतून ठरविता येतील. तेव्हा आमची विनंती एवढीच: मूल ‘इव्हॉल्व्ह झाला’ म्हणाले की खेळ हिसकावून घेऊ नये, आणि ‘उत्क्रांत’ही म्हणावयास लावू नये. ‘रूपांतर झाले’ म्हणावे. मग त्याला कढीलिंबाच्या कुंडीपाशी न्यावे, ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी दाखवावी, आणि ती तशी का दिसते हे विचारावे. ‘उत्क्रांती’ हा शब्द त्या उत्तरासाठी राखून ठेवावा.